अस्वलाची शिकार, उत्तर अमेरिकेतील

मांस, कातडे व चरबी यांसाठी अथवा मृगयेचा छंद म्हणून कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने (अ. सं. सं.) या देशांत केली जाणारी अस्वलांची शिकार. भारतात अस्वल मारणे हा गुन्हा आहे. उत्तर अमेरिकेत मात्र ठराविक हंगामात, परवाना घेऊन व नेमून दिलेल्या क्षेत्रात ही शिकार कायदेशीर आहे. या शिकारीचे यश नेमबाजीपेक्षा स्थळाच्या निवडीवर अधिक अवलंबून असते आणि ही निवड दोन प्रकारच्या ज्ञानावर आधारलेली असते : अस्वल त्या ऋतूत कोठे चरत असेल, हे एक आणि त्या जागी पाऊल ठेवण्याचा अधिकार शिकाऱ्यास आहे काय, हे दुसरे. पहिला प्रश्न निसर्गाचा व दुसरा कायद्याचा. अनुभवी शिकारीही बहुधा दुसऱ्यातच अडखळतात, कारण अस्वलांना माहीत नसलेल्या अनेक सीमारेषा या प्रदेशातून जातात.

शिकारीच्या दृष्टीने महत्त्वाची जाती म्हणजे अमेरिकन काळे अस्वल (अर्सस अमेरिकॅनस). प्रिन्स एडवर्ड बेट वगळता कॅनडाच्या सर्व प्रांतांत व अ. सं. सं.च्या बहुतेक वनमय राज्यांत ते आढळते आणि त्याची एकूण संख्या आठ लाखांहून अधिक मानली जाते. तीसहून अधिक राज्यांत त्याच्या शिकारीचा हंगाम असतो. तपकिरी अस्वलाची (अर्सस आर्क्टॉस) शिकार अ. सं. सं.मध्ये आता अलास्कापुरतीच उरली आहे. दक्षिणेकडील ४८ राज्यांत या जातीचा ‘ग्रिझली’ हा प्रकार १९७५ पासून संघीय कायद्याने संरक्षित आहे; २०१७ मध्ये यलोस्टोन परिसरातील ग्रिझलींचे संरक्षण काढून घेण्यात आले होते, परंतु २०१८ मध्ये न्यायालयाने ते पुन्हा लागू केले. ध्रुवीय अस्वलाची शिकार अलास्कात केवळ किनारी आदिवासी करू शकतात. ‘काळे’ अस्वल नेहमी काळेच असते असे नाही. रॉकी पर्वतात त्याचा रंग तपकिरी, दालचिनीसारखा अथवा पिवळसरही असतो. त्यामुळे ग्रिझली व काळे अस्वल एकत्र वावरतात तेथे रंगावर विसंबणे धोक्याचे ठरते. खांद्यावरील उंचवटा, चेहऱ्याचा खोलगट बाक, आखूड कान व लांब नख्या ही ग्रिझलीची लक्षणे होत. माँटॅना राज्यात ही ओळख पटविणारी परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज काळ्या अस्वलाचा परवानाच मिळत नाही.

शिकारीची स्थळे : अस्वल कोठे सापडेल या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पोटात असते. वर्षातील चार-पाच महिने ते गुहेत अथवा झाडाच्या ढोलीत उपाशी पडून काढते. म्हणून उरलेल्या काळातील त्याचे सारे भ्रमण अन्नाच्या मागे असते. शरद ऋतूत त्याची भूक इतकी वाढते, की ते दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत अन्न पोटात घालते. अमुक डोंगरात अस्वले पुष्कळ आहेत, या ऐकीव माहितीचा उपयोग थोडा. त्या डोंगरात या आठवड्यात काय पिकले आहे, ही माहिती अधिक मोलाची.

वसंत ऋतूत गुहेतून बाहेर पडलेले अस्वल प्रथम कोवळे गवत खाते. बर्फ सर्वांत आधी दक्षिणाभिमुख उतारांवर वितळते, तेथेच प्रथम हिरवळ फुटते व तेथेच अस्वल दिसते. पश्चिमेकडील पर्वतांत हिमलोटांनी झाडे मोडून मोकळे केलेले उभे पट्टे आणि बंद पडलेल्या लाकूडतोडीच्या रस्त्यांच्या कडेला पेरलेले क्लोव्हर ही वसंतातील खात्रीची ठिकाणे होत. अलास्का व ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर खाड्यांच्या मुखांशी असलेल्या दलदलीच्या कुरणांना हेच महत्त्व असते. उन्हाळ्यात मृदुफळे पिकू लागतात. हकलबेरी, ब्ल्यूबेरी, सर्व्हिसबेरी, चोकचेरी ही झुडपे दाट अरण्याच्या सावलीत फारशी फळत नाहीत. त्यांना ऊन लागते. म्हणून काही वर्षांपूर्वी वणव्यात जळालेले अथवा तोडलेले जंगल हे जुन्या, उंच वृक्षांच्या देखण्या जंगलापेक्षा अस्वलाला अधिक प्रिय असते. नवख्या शिकाऱ्यास हे पटणे कठीण जाते. अस्वल घनदाट अरण्यातच असणार, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः अरण्य हे अस्वलाचे लपण्याचे स्थान. जेवणाचे ठिकाण बहुधा त्याच्या कडेला असते.

पूर्वेकडील ॲपालॅचियन पर्वतश्रेणीत शरदातील अन्न म्हणजे कवचफळे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत येथे अमेरिकन चेस्टनट हा प्रमुख वृक्ष होता. १९०४ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथम आढळलेल्या एका कवकजन्य रोगाने पुढील काही दशकांत अब्जावधी चेस्टनट वृक्ष मारले. चेस्टनट जवळजवळ दरवर्षी भरपूर फळत असे; त्याची जागा घेणारा ओक तसा भरवशाचा नाही. पांढऱ्या ओकची फळे एका ऋतूत पक्व होतात, तर तांबड्या ओकच्या फळांना दोन वर्षे लागतात. परिणामी मोहोराच्या वेळी उशिरा पडलेल्या हिमतुषाराने पांढऱ्या ओकचे त्याच वर्षीचे, परंतु तांबड्या ओकचे पुढील वर्षीचे पीक बुडते. हा भेद जाणणारा शिकारी मे महिन्यातील थंडीची नोंद ठेवतो आणि ऑक्टोबरमध्ये कोणत्या उतारावर बसावयाचे ते त्यावरून ठरवितो. पांढऱ्या ओकच्या फळांत टॅनिन कमी असल्यामुळे अस्वल ती आधी खाते. ती संपल्यावर तांबड्या ओककडे वळते. दोन्ही पिके बुडाली, की अस्वले लांबवर भटकतात, मक्याच्या शेतांत व वस्त्यांच्या कचऱ्यात शिरतात आणि त्या वर्षी रस्त्यावरील अपघातही वाढतात. उत्तरेकडे ओकचे हे स्थान बीच वृक्ष घेतो. बीचची साल गुळगुळीत असल्याने फळांसाठी चढलेल्या अस्वलाच्या नख्यांचे व्रण तिच्यावर अनेक वर्षे टिकतात. शेंड्यावरील फांद्या ओढून मोडल्याने घरट्यासारखा पुंजका तयार होतो, तोही खालून ओळखता येतो.

उत्तर कॅरोलायना राज्याचा किनारी सपाट प्रदेश हे वेगळ्या प्रकारचे उदाहरण आहे. तेथे पाणथळ झुडपी रानांना लागून मका, सोयाबीन व भुईमूग यांची मोठमोठी शेते आहेत. लपण्यास दलदल व खाण्यास शेत, असा दुहेरी लाभ मिळाल्याने तेथील अस्वले असामान्य वाढतात. १९९८ मध्ये क्रेव्हन परगण्यात मारलेल्या एका नराचे वजन ३९९ किग्रॅ. भरले होते. या राज्याने १९७१ पासून अस्वलांसाठी राखीव क्षेत्रांची मालिका निर्माण केली. तेथे माद्या सुरक्षित राहतात आणि त्यांची वाढती प्रजा भोवतालच्या क्षेत्रांत पसरते. राखीव क्षेत्राच्या सीमेलगतची जागा शिकाऱ्यांना हवीशी वाटते ती यामुळेच.

ठिकाण निश्चित करण्यासाठी शिकारी हंगामापूर्वीच रानात फिरून खुणा गोळा करतो. उलटे केलेले दगड, किड्यांसाठी फोडलेले कुजके ओंडके, साल सोललेली व केस चिकटलेली घासणीची झाडे आणि मानवी पावलासारखा मागच्या पायाचा ठसा या त्यांतील मुख्य खुणा. विष्ठा सर्वांत बोलकी असते. तिच्यातील बिया व टरफले पाहून अस्वल काय खात आहे ते कळते व ते पीक जवळपास कोठे आहे याचा शोध घेता येतो. खुणा ताज्या असणे मात्र आवश्यक. गेल्या महिन्यातील बोरीच्या जाळीत आज अस्वल नसते.

जागा उत्तम असली, तरी वारा प्रतिकूल असल्यास ती निरुपयोगी ठरते. अस्वलाची दृष्टी सामान्यतः समजतात तितकी मंद नसते. पण त्याचे घ्राणेंद्रिय विलक्षण तीक्ष्ण असते. डोंगराळ भागात रात्री व पहाटे थंड हवा दरीकडे उतरते, उतार तापले की ती वर चढू लागते व संध्याकाळी पुन्हा खाली येते. म्हणून सकाळी ज्या वाटेने जाणे योग्य, ती दुपारी चुकीची असते. पश्चिमेकडे शिकारी समोरच्या उतारावर दूर बसून तासन् तास दुर्बिणीने न्याहाळतो आणि अस्वल दिसल्यावर वाऱ्याचा विचार करून त्याच्याकडे सरकतो. पेनसिल्व्हेनियाच्या दाट झाडीत अशी दूरदृष्टी मिळत नाही. तेथे माणसांची रांग रान हाकते व इतर जण नाक्यांवर उभे राहतात. हा प्रकार मराठी वाचकांस परिचित असलेल्या हाक्यासारखाच आहे. या राज्यात २०१९ च्या हंगामात ४,६५३ अस्वले मारली गेली. तेथे मारलेले प्रत्येक अस्वल तपासणी केंद्रावर आणून त्याचे वजन, लिंग व वय यांची नोंद करावी लागते. अशा नोंदींवरून क्षेत्रवार आकडे प्रसिद्ध होतात आणि नवीन शिकाऱ्यास स्थळाची पहिली दिशा त्यांतून मिळते.

आमिष व कुत्रे : अस्वलाच्या मागे जाण्याऐवजी अस्वलास आपल्याकडे आणण्याचा मार्ग म्हणजे आमिष. शिळे पाव, गोड पदार्थ, मांसाचे अवशेष इत्यादींचे पिंप रानात ठेवून शिकारी जवळच्या मचाणावर बसतो. मेन राज्यातील बहुतेक शिकार या पद्धतीने होते, कारण तेथील सपाट व गर्द अरण्यात अस्वल दृष्टीस पडणे दुर्मिळ असते. कुत्र्यांनी माग काढून अस्वलास झाडावर चढविणे ही दक्षिणेतील जुनी पद्धत. उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरांत प्लॉट नावाच्या जातीची कुत्री याच कामासाठी पैदा करण्यात आली.

या दोन्ही पद्धतींविषयी राज्याराज्यांत तीव्र मतभेद आहेत. कोलोरॅडोत १९९२ मध्ये सार्वमताने आमिष, कुत्रे व वसंतातील शिकार या तिन्हींवर बंदी आली. आमिष व कुत्र्यांवरील बंदी ऑरेगनमध्ये १९९४ साली व वॉशिंग्टन राज्यात १९९६ साली संमत झाली. मेनमध्ये मात्र असेच प्रस्ताव २००४ व २०१४ मध्ये मतदारांनी फेटाळले. आयडाहोत काही क्षेत्रे वगळता आमिष चालते. सीमा ओलांडून माँटॅनात गेल्यास तो गुन्हा होतो. आमिषामुळे शिकाऱ्यास अस्वल नीट न्याहाळता येते व पिलांची आई ओळखून सोडून देता येते, हा समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु ज्या प्राण्यास मानवी अन्नाची सवय लागू नये म्हणून त्याच राज्यात कचऱ्याच्या पेट्यांना कुलपे लावण्याचा उपदेश केला जातो, त्यालाच रानात पाव खाऊ घालणे यातील विसंगती दृष्टिआड करता येत नाही. पिले सोबत असलेली मादी मारणे बहुतेक ठिकाणी निषिद्ध आहे. मादी साधारणतः दोन वर्षांतून एकदाच विते. म्हणून अतिशिकारीने घटलेली संख्या भरून येण्यास दीर्घ काळ लागतो.

शिकारीत न्याय्य संधीचे तत्त्व रूढ होण्याच्या इतिहासात एका अस्वलाचा वाटा आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपी राज्यात राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट शिकारीस गेले असता त्यांचे वाटाडे होल्ट कॉलिअर यांनी एक अस्वल पकडून झाडास बांधून ठेवले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडण्यास रूझवेल्टनी नकार दिला. या प्रसंगावरील क्लिफर्ड बेरिमन यांचे व्यंगचित्र गाजले व त्यातूनच ‘टेडी बेअर’ हे खेळणे जन्मास आले. अस्वल मात्र वाचले नाही; ते जखमी असल्याने सुऱ्याने मारण्यात आले, ही गोष्ट खेळण्यांच्या दुकानात सहसा सांगितली जात नाही.

जमिनीची मालकी व प्रवेश : इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडलेला होता व त्यामुळे तो उमरावांकडे राहिला. अमेरिकन वसाहतींनी ही परंपरा जाणीवपूर्वक नाकारली. व्हर्माँटच्या १७७७ च्या संविधानात स्वतःच्या तसेच कुंपण नसलेल्या इतरांच्या जमिनींवर योग्य काळात शिकार करण्याचे स्वातंत्र्य नागरिकांस देण्यात आले असून ते आजही कायम आहे. वन्य प्राणी राज्याच्या मालकीचे असतात, असे संघीय सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये म्हटले होते. १९७९ मध्ये तो निर्णय रद्द झाला, तरी राज्य हे जनतेच्या वतीने वन्य प्राण्यांचे विश्वस्त आहे, ही कल्पना दृढ राहिली. अशा रीतीने प्राणी सर्वांचा आणि जमीन कोणाची तरी, अशी स्थिती निर्माण झाली. प्रवेशाचे बहुतेक तंटे या फटीतून उद्‌भवतात.

सार्वजनिक जमिनीही एकाच प्रकारच्या नसतात. सु. ७·८ कोटी हेक्टर राष्ट्रीय वने व सु. १० कोटी हेक्टर भू-व्यवस्थापन विभागाच्या जमिनी यांवर राज्याच्या नियमांनुसार सामान्यतः शिकार करता येते. राष्ट्रीय उद्यानांत ती बहुधा वर्ज्य असते. यलोस्टोनमध्ये ही बंदी १८९४ च्या कायद्याने आली. मात्र अलास्कात १९८० च्या कायद्याने काही उद्यानांना लागून ‘राष्ट्रीय राखीव प्रदेश’ निर्माण करण्यात आले व त्यांत शिकारीस मुभा आहे. त्यामुळे काटमाई येथे उद्यानाच्या भागात पर्यटक ज्या अस्वलाचे छायाचित्र घेतात, तेच अस्वल लगतच्या राखीव प्रदेशात गेल्यास शिकारीचे लक्ष्य होऊ शकते. अनेक राज्यांनी शिकारीसाठी स्वतःच जमिनी खरेदी केल्या आहेत. पेनसिल्व्हेनियाने १९२० पासून परवाना-शुल्कातून घेतलेली अशी भूमी आता सु. ६ लाख हेक्टर आहे. बंदुका व काडतुसे यांवरील सु. ११ टक्के संघीय उत्पादनकरातून १९३७ च्या कायद्यानेही राज्यांना यासाठी पैसा पुरविला.

जमीन सार्वजनिक असणे आणि तेथे पोहोचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस एकाआड एक चौरस देण्यात आले. प्रत्येक चौरसाची बाजू एक मैल (सु. १·६ किमी.) होती. पुढे कंपन्यांचे चौरस खाजगी मालकांकडे गेले व मधले चौरस सरकारकडे राहिले. त्यामुळे वायोमिंग व इतर पश्चिमी राज्यांत नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी रचना दिसते. सरकारी चौरस एकमेकांना केवळ कोपऱ्यांवर स्पर्श करतात. कोपऱ्यावरून एका सरकारी चौरसातून दुसऱ्यात पाऊल टाकताना शरीर क्षणभर खाजगी जमिनीच्या वरील हवेतून जाते. हा अनधिकार प्रवेश ठरतो काय, हा प्रश्न शतकाहून अधिक काळ लोंबकळत होता. वायोमिंगमधील एल्क पर्वतावर चार शिकाऱ्यांनी कोपऱ्यावरील खुंटांवरून शिडी टाकून असा प्रवेश केला. ते एल्क हरणांच्या शिकारीस गेले होते, पण प्रश्न सर्वच शिकारीचा होता. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले आणि जमीनमालकाने लावलेल्या दिवाणी दाव्यात दहाव्या परिमंडलाच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सरकारी जमिनीचा मार्ग रोखणाऱ्या कुंपणांस मनाई करणाऱ्या १८८५ च्या कायद्याचा त्यास आधार होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयाविरुद्धचे अपील ऐकण्यास नकार दिला. हा निर्णय वायोमिंग, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, यूटा, कॅन्सस व ओक्लाहोमा या सहा राज्यांपुरता बंधनकारक आहे. अस्वलांसाठी प्रसिद्ध असलेली माँटॅना व आयडाहो ही राज्ये त्याच्या कक्षेत येत नाहीत.

खाजगी जमिनींविषयीचे नियम दोन परंपरांत विभागता येतात. ईशान्येकडील काही राज्यांत मनाईचा फलक नसल्यास प्रवेशास संमती आहे, असे मानले जाते. व्हर्माँटमध्ये जमीनमालकास हे फलक दरवर्षी दिनांकित करून त्यांची नोंद गावच्या दप्तरात करावी लागते. माँटॅनात याउलट, फलक असो वा नसो, शिकाऱ्याने परवानगी घेतलीच पाहिजे. त्या राज्याने जमीनमालकांस मोबदला देऊन त्यांच्या जमिनी शिकाऱ्यांसाठी खुल्या करण्याची योजनाही राबविली आहे. मिसूरी, पेनसिल्व्हेनिया इ. राज्यांत झाडाच्या बुंध्यावरील जांभळा पट्टा हा फलकाइतकाच बंधनकारक असतो. मेनची अरण्ये बव्हंशी लाकूड-कंपन्या व इतर खाजगी मालकांची असूनही लोकांस खुली राहिली आहेत. उत्तरेकडील सु. १४ लाख हेक्टरांच्या पट्ट्यात प्रवेशनाक्यावर शुल्क भरून आत जाता येते. पण प्रवेशाची मुभा म्हणजे आमिष ठेवण्याची मुभा नव्हे. त्यासाठी मालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आमिषाच्या जागी शिकाऱ्याचे नाव व पत्ता लावावा लागतो आणि ती जागा वाहनाच्या रस्त्यापासून किमान ४६ मी. दूर असावी लागते.

आदिवासींच्या राखीव प्रदेशांत राज्याचा परवाना पुरेसा नसतो. तेथे जमातीच्या शासनाची संमती लागते. अलास्कात १९७१ च्या कायद्याने सु. १·८ कोटी हेक्टर जमीन आदिवासींच्या महामंडळांकडे देण्यात आली. ती खाजगी भूमी आहे. ओसाड दिसणाऱ्या नदीकाठावर विमानाने उतरणाऱ्या परक्या शिकाऱ्यास हे ध्यानी येत नाही व त्यातून कलह होतात. मिनेसोटा व विस्कॉन्सिनमधील ओजिब्वे जमातींनी १८३७ च्या तहात सोडून दिलेल्या भूमीवरही शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. मिनेसोटापुरता तो सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्य केला. या जमातीत अस्वल हे एका कुळाचे चिन्ह आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

वाहनांचे नियम स्वतंत्र आहेत. राष्ट्रीय वनांत नकाशावर दाखविलेल्या रस्त्यांवरच वाहन नेता येते आणि १९६४ च्या कायद्याने घोषित केलेल्या निर्मनुष्य प्रदेशांत मोटार मुळीच चालत नाही. फाटक लावून बंद केलेल्या रस्त्याने पायी जाण्यास मात्र बहुधा मज्जाव नसतो. जुने जाणते शिकारी अशा फाटकांचा शोध घेतात, कारण फाटकापुढे तासभर चालण्याची तयारी असलेली माणसे थोडी असतात. अलास्कात विमानातून अस्वल हेरून त्याच दिवशी ते मारण्यास सामान्यतः बंदी आहे. ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी रानात स्वयंचलित कॅमेरे लावण्यास मनाई केली.

परवाने व वाटाडे : राज्याबाहेरील व परदेशी शिकाऱ्यांस अधिक निर्बंध असतात. अलास्कात तपकिरी अस्वलाच्या शिकारीसाठी बाहेरच्या शिकाऱ्यास परवानाधारक वाटाड्या अथवा तेथील रहिवासी असलेला जवळचा नातलग सोबत लागतो. परदेशी नागरिकास काळ्या अस्वलासाठीही वाटाड्या सक्तीचा आहे. ब्रिटिश कोलंबियात वाटाड्यांना ठराविक प्रदेश नेमून दिलेले असतात. वायोमिंगचा नियम विशेष चमत्कारिक आहे : संघीय निर्मनुष्य प्रदेशात परराज्यातील माणूस एकटा भटकू शकतो, मासे धरू शकतो, परंतु वाटाड्या अथवा स्थानिक सोबती असल्याखेरीज मोठ्या प्राण्यांची शिकार करू शकत नाही. सुरक्षिततेचे कारण पुढे केले जात असले, तरी या नियमाचा लाभ वाटाड्यांच्या व्यवसायास होतो हे उघड आहे. कोडिॲक बेटावर सु. ३,५०० तपकिरी अस्वले असून तेथील बहुतेक परवाने सोडतीने दिले जातात. विस्कॉन्सिनमध्ये काळ्या अस्वलाच्या परवान्यासाठी अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागते.

हंगाम कायमचे नसतात. ब्रिटिश कोलंबियाने डिसेंबर २०१७ मध्ये ग्रिझलीची शिकार थांबविली. ऑन्टॅरिओने १९९९ मध्ये बंद केलेला वसंतातील हंगाम २०१४ पासून प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा सुरू केला, तर वॉशिंग्टन राज्याने २०२२ मध्ये तो बंद केला. लुइझिअ‍ॅनातील काळ्या अस्वलाचा प्रकार १९९२ ते २०१६ या काळात संघीय संरक्षणाखाली होता. संख्या सुधारल्यावर २०२४ च्या अखेरीस तेथे मोजक्या परवान्यांची शिकार झाली. फ्लॉरिडात २०१५ मध्ये दोन दिवसांत ३०४ अस्वले मारली गेल्याने हंगाम तत्काळ आवरता घ्यावा लागला होता. मागील वर्षीच्या नियमपुस्तिकेवर विसंबून रानात शिरणारा शिकारी म्हणूनच नकळत गुन्हेगार ठरू शकतो.

भारतातील स्थिती : ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांतातील जंगले शिकारीसाठी गटांत विभागलेली होती व वनाधिकारी ठराविक मुदतीचे परवाने देत. मुंबई राज्यात १९५१ च्या वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियमाने शिकारीचे नियमन केले. भारतीय अस्वलाचे (मेलुर्सस अर्सिनस) स्थळ शोधण्याची रीतही अन्नावरच आधारलेली असे : वारुळे, बोरी, जांभळी आणि विशेषतः मोहाची झाडे. उन्हाळ्यात रात्रभर मोहफुले खाऊन पहाटे खडकाळ टेकडीकडे परतणाऱ्या अस्वलाची वाट शिकारी अडवीत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर ही शिकार संपुष्टात आली असून अस्वलाचा समावेश या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. विदर्भात मोहफुले वेचण्यास पहाटे रानात जाणाऱ्या लोकांची व अस्वलांची गाठ याच झाडांखाली पडते आणि त्यात माणसे जखमी होतात. मानवी जीवितास धोकादायक ठरलेले अस्वल मारण्याचा लेखी आदेश केवळ मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो व तोही त्यास पकडणे, बेशुद्ध करणे अथवा अन्यत्र हलविणे शक्य नसल्यासच. स्वसंरक्षणार्थ सद्‌भावनेने केलेली हत्या गुन्हा ठरत नाही. परंतु अशा रीतीने मेलेल्या अस्वलावर मारणाऱ्याचा कोणताही हक्क नसतो, ते शासनाची मालमत्ता होते.